प्रश्न वाचकांचे : बोलोन्यात हातच्या पास्त्याचे जेवण

उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या प्रांतात, विशेषतः त्याची राजधानी असलेल्या बोलोन्या शहरात, एकेका कुटुंबाने चालवलेली छोटी जेवणघरे आहेत. त्यांना तेथे ‘त्रात्तोरिया’ म्हणतात. घरातील कोणी आत पास्ता लाटत असते, कोणी चुलीपाशी असते, तर कोणी बाहेर पाने वाढत असते. या जेवणघरांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही ऑक्टोबरमध्ये बोलोन्याला जाणार आहोत. ‘पास्ता घरी केलेला’ अशी पाटी तेथे दारोदार दिसते, असे तिकडे जाऊन आलेले नातेवाईक सांगतात. खरा हातचा पास्ता कोठे मिळतो, हे परक्या माणसाने कसे ओळखावे? आणि तेथे मागवावे काय? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : पाटीवरून काहीच ठरवता येत नाही, हे आपल्या नातेवाइकांनी बरोबर हेरले आहे. यंत्राच्या रुळांतून काढलेला पास्ताही त्या घरातच केलेला असू शकतो, त्यामुळे पाटी खोटी असतेच असे नाही. पण यंत्राचा पास्ता आणि लाटण्याचा पास्ता यांत फरक आहे, आणि तो जिभेला कळतो.

बोलोन्याच्या पास्त्याचे मर्म त्याच्या पिठात आहे. १०० ग्रॅम मऊ गव्हाच्या बारीक पिठाला एक अंडे, एवढेच त्याचे प्रमाण. जुन्या वळणाच्या घरांत त्यात पाणी, तेल किंवा मीठ घालत नाहीत. पो नदीच्या सखल, दमट खोऱ्यात मऊ गहू पिकतो. दक्षिण इटलीच्या कठीण गव्हाचा ताठपणा या गव्हात नाही, तो पिठाला अंड्यामुळे येतो. पीठ भरपूर मळून, झाकून अर्धा तास ठेवतात, आणि मग मोठ्या लाकडी पाटावर ‘मात्तारेल्लो’ नावाच्या लांबलचक लाटण्याने त्याची एकच मोठी पोळी लाटतात. हे काम करणाऱ्या स्त्रीला ‘स्फोलीना’ म्हणतात. संधी मिळाली तर तिचे हात अवश्य पाहावेत. ती पोळीची कड लाटण्याभोवती गुंडाळते, दोन्ही तळवे मधून बाहेरच्या बाजूला सरकवत ती ताणते, पोळी थोडी फिरवून पुन्हा उलगडते, आणि पोळी मोठी झाली की तिचा एक भाग पाटाच्या कडेवरून खाली सोडून, पोटाने तो अडवून धरत, उरलेला भाग पुढे ताणत नेते. पोळीपलीकडे टेकडीवरचे सान लूकाचे देवालय दिसले पाहिजे, असे बोलोन्यात म्हणतात. पातळपणाची अपेक्षा किती असते, ते यावरून ध्यानात यावे.

पोलादी रूळ पिठाला दाबतात आणि गुळगुळीत करतात. लाकडी पाट आणि लाकडी लाटणे पोळी ताणतात, आणि लाकडाचा सूक्ष्म खरखरीतपणा तिच्यावर उमटतो. पानात आलेल्या पास्त्याकडे पाहताना हीच खूण धरावी. त्याच्यावर चकाकी नसते, तो हाताला किंचित खरबरीत लागतो, पट्ट्यांची रुंदी एकसारखी नसते, आणि वरचा रस ताटलीच्या तळाशी न साचता पट्ट्यांना धरून राहतो. जेवण संपल्यावर ताटलीत रसाचे तळे उरले असेल, तर पास्ता फार गुळगुळीत होता किंवा रस पातळ होता, असे खुशाल समजावे.

दारात उभे राहून कळण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. पदार्थांची यादी आखूड असावी. चार-पाच पास्ते, तीन-चार मांसाचे पदार्थ, काही भाज्या आणि दोन-तीन गोड पदार्थ, याहून अधिक एका कुटुंबाच्या हातून रोज ताजे होत नाही. यादीत रोमचा कार्बोनारा, नेपल्सचा पिझ्झा आणि जेनोव्हाचा पेस्तो एकत्र नांदत असतील, तर ते घर प्रवाशांसाठी मांडलेले आहे. पदार्थाच्या नावापुढे बारीक तारांकन असले, तर तळटीप वाचावी. गोठवलेला जिन्नस वापरल्याची ती खूण असते. काही घरांत लाटण्याचा पाट खिडकीजवळ असतो आणि सकाळी जाता-येता काम दिसते, पण पाट आत असला म्हणून शंका घेण्याचे कारण नाही.

मागवण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या जेवणात ताल्यातेल्ले मागवावेत, कारण त्या घराचा हात कसा आहे, हे या साध्या पट्ट्यांइतके दुसरे काही सांगत नाही. ताल्यातेल्लेची रुंदी हा बोलोन्यात नोंदवून ठेवण्याचा विषय आहे. १६ एप्रिल १९७२ रोजी शहराच्या वाणिज्य मंडळात तिची रीतसर नोंद झाली, आणि शिजल्यावर पट्टी ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातील आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, भरावी असे त्यात ठरले. सोन्यात घडवलेला तिचा नमुना मंडळाच्या इमारतीत ठेवलेला आहे. हे वाचून कोणाला गंमत वाटेल, पण रुंद पट्टी आणि घट्ट रस यांचा मेळ ही तिथल्या लोकांच्या दृष्टीने खरोखरच महत्त्वाची बाब आहे.

ऑक्टोबरमध्ये जात असाल, तर आणखी एक पदार्थ सोडू नये. शेजारच्या फेर्रारा शहराचे भोपळा भरलेले ‘काप्पेल्लाच्ची’ शरद ऋतूत फार चांगले होतात. भोपळ्याचा गीर, किसलेले पार्मिज्यानो चीज आणि जायफळ यांचे सारण अंड्याच्या पोळीत भरतात, आणि वर फक्त लोणी व सेज नावाच्या वनस्पतीची पाने घालतात. याच सुमारास पोर्चीनी नावाची आळंबीही बाजारात असते. ती ताल्यातेल्लेवर मिळत असेल, तर दुसऱ्या दिवशीचा प्रश्नही सुटला.

प्रश्न : मुलाच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही बोलोन्या विद्यापीठात जाणार आहोत. त्याच्या घरमालकीणबाई आम्हा सर्वांना त्यांच्या ओळखीच्या त्रात्तोरियात जेवायला नेणार आहेत. मला आणि यजमानांना अंडे चालते, पण मांस-मासे नाही. सासूबाई अंडेही खात नाहीत, आणि कांदा-लसूणही टाळतात. घरमालकीणबाईंच्या बोलावण्याला नाही म्हणणे बरे दिसत नाही. काय करावे? – एक वाचिका, पुणे

उत्तर : नाही म्हणू नका. १०८८ पासून परगावचे विद्यार्थी पाहत आलेले ते शहर आहे, आणि पदवी मिळाल्यावर घरच्यांनी एकत्र जेवायला जाणे ही तेथे मनापासून पाळली जाणारी रीत आहे. मात्र जेवायला बसल्यावर सांगण्यापेक्षा दोन दिवस आधी घरमालकीणबाईंमार्फत निरोप द्यावा. कुटुंबाच्या स्वयंपाकघरात आधी कळले तर बहुतेक सगळे जमते. ऐन गर्दीत सांगितले, तर तिथल्या माणसाची इच्छा असूनही त्याचा नाइलाज होतो.

अडचण कोठे येते, ते आधी नीट समजून घ्यावे, कारण ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही. पहिली बाब पास्त्याची. एमिलियाच्या ताज्या पास्त्यात बहुतेक वेळा अंडे असतेच. मेनूतील पदार्थ पालकाचा किंवा भोपळ्याचा असला, तरी वरची पोळी अंड्याचीच असते. दुसरी बाब मांसाच्या पाण्याची, म्हणजे ‘ब्रोदो’ची. भाजीचा भात किंवा घेवड्याचे सार त्यात शिजवलेले असू शकते. तिसरी बाब ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराच्या चरबीची. त्या भागातील ‘क्रेशेंतीने’ नावाच्या तळलेल्या पुऱ्या, पियादीना नावाची भाकरी आणि फेर्राराचा पाव या सर्वांत ती परंपरेने पडते. म्हणून टेबलावर आलेल्या पावाबद्दलही विचारावे. चौथी बाब चीजची, आणि ती आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक नसते. पार्मिज्यानो रेज्यानोच्या नियमांनुसार त्याचे दूध वासराच्या जठरातील रेनेटनेच साखळवावे लागते. ग्राना पादानोचीही तीच गत आहे. शाकाहाराची मर्यादा आपण कोठे आखता, त्यावर हे चीज पानात घ्यायचे की नाही, ते ठरेल. मी या बाबतीत कोणालाच उपदेश करणार नाही, पण माहिती नसताना खाल्ले गेले आणि नंतर कळले, असे होऊ नये.

आता पानात काय येऊ शकेल ते पाहू. आपल्या दोघांसाठी ‘तोर्तेल्लोनी’ उत्तम. रिकोत्ता नावाचे मऊ चीज, पार्मिज्यानो आणि पार्स्लीची पाने यांचे सारण भरून केलेल्या या मोठ्या घड्या लोण्यात व सेजच्या पानांत परतून वाढतात. ‘बुर्रो ए ओरो’ म्हटले, तर लोणी आणि टोमॅटो यांचा रस येतो, तोही सुरेख लागतो. नाव ऐकताना मात्र काळजी घ्यावी. तोर्तेल्लोनी आणि तोर्तेल्लीनी ही नावे कानाला सारखी वाटतात, पण तोर्तेल्लीनीत मांस असते.

सासूबाईंसाठी दोन वाटा आहेत. रोमान्याच्या बाजूला ‘स्त्रोत्साप्रेती’ नावाचा, पीठ आणि पाण्याचा, हाताने पिळा देऊन केलेला पास्ता आहे. तो बहुधा बिनअंड्याचा असतो, तरी विचारून घ्यावे. तो नसेल तर साधा वाळवलेला पास्ता उकडून देण्याची विनंती करावी. इटलीच्या कायद्यानुसार साधा सुका पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचा असावा लागतो, आणि अंडे घातले असल्यास वेष्टनावर तसे लिहिलेले असते. वर लोणी आणि सेज घ्यावे, म्हणजे कांदा-लसणाचाही प्रश्न उरत नाही. टोमॅटोच्या रसात मात्र कांदा किंवा लसूण यांपैकी काहीतरी बहुधा असते. जोडीला भाजलेल्या भाज्या, ओव्हनमधले बटाटे, उकडलेला पालक आणि मक्याच्या पिठाचा पोलेंता मागवता येईल. गोडात तिरामिसू आणि त्सुप्पा इंग्लेझे या दोन्हींत अंडे असते, आणि पान्ना कोत्तात बहुधा प्राणिज जिलेटिन असते. त्यामुळे त्यांच्यासाठी फळे मागवावीत.

निरोप देताना ही वाक्ये मुलाकडून लिहून घ्यावीत: ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा’, म्हणजे मांस, मासे व अंडी नकोत, आणि त्यापुढे ‘सेंत्सा प्रोश्यूत्तो, सेंत्सा स्त्रुत्तो, सेंत्सा ब्रोदो दी कार्ने’ हेही जोडावे, कारण मांस नको म्हटल्यावरही भाजीत प्रोश्यूत्तोचे, म्हणजे हॅमचे, चार तुकडे घालण्यात काहींना वावगे वाटत नाही. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे अंडे, दूध, गहू, सेलरी अशा १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती जेवणघराने देणे बंधनकारक आहे. तो तक्ता मागून घेण्यात संकोच नको.

प्रश्न : बोलोन्यात सर्वांनी ‘तोर्तेल्लीनी इन ब्रोदो’ची शिफारस केली. पुढ्यात आले ते नितळ पाणी आणि त्यात तरंगणारे चिमुकले पास्ते. तिखट नाही, मसाला नाही. या पदार्थाचे एवढे कौतुक का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ते पाणी पहिल्या घोटात ओळखू येत नाही, हे मी समजू शकते. पण ते पाणी नव्हे. खस्सी केलेला कोंबडा, म्हणजे कापोन, किंवा वयस्क कोंबडी, आणि बहुधा सोबत गोमांस व हाडे, मंद आचेवर तासन्‌तास उकळू न देता शिजवत ठेवतात, वर आलेला फेस काढत राहतात आणि शेवटी गाळतात. उकळी फुटली की रस गढूळ होतो. तो नितळ आहे, याचाच अर्थ कोणीतरी त्याच्यापाशी बसून होते. आपण गोमांस खात नसाल, तर मागवण्यापूर्वी ब्रोदो कशाचा आहे, हे विचारलेच पाहिजे.

आता तोर्तेल्लीनी. त्याच्या सारणाची कृतीही ७ डिसेंबर १९७४ रोजी बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात नोंदवली गेली. लोण्यात परतलेले डुकराचे मांस, प्रोश्यूत्तो, मोर्तादेल्ला नावाचे डुकराच्या मांसाचे सॉसेज, पार्मिज्यानो, अंडे आणि जायफळ, एवढे सगळे बारीक वाटून त्यात असते. पोळीचे लहान चौकोन कापून प्रत्येकावर वाटाण्याएवढे सारण ठेवायचे, चौकोन तिरका दुमडून त्रिकोण करायचा, आणि तो बोटाच्या टोकाभोवती गुंडाळून दोन्ही टोके चिमटायची. पोळी वाळली तर टोके चिकटत नाहीत, म्हणून हे काम भराभर करावे लागते. नाताळच्या आधी घराघरांत सगळी माणसे एका टेबलाभोवती बसून हे करतात. चार तासांत तयार झालेले तोर्तेल्लीनी एका जेवणात संपतात.

खारवलेल्या मांसाची आणि मुरलेल्या चीजची सगळी चव त्या इवल्याशा घडीत असते, म्हणून भोवतीचा रस सौम्य ठेवतात. एका चमच्यात दोन-तीन तोर्तेल्लीनी आणि रस एकदमच घ्यावा, आधी रस आणि मग पास्ता असे करू नये. वरून मिरपूड किंवा मिरचीचे तेल घालण्याची इच्छा पहिल्या चार-पाच चमच्यांपर्यंत आवरावी. चव हळूहळू उघडत जाते. एवढे करूनही आवडले नाही, तर काही बिघडत नाही. पण त्याऐवजी मलईच्या रसातले तोर्तेल्लीनी मागवू नयेत. बोलोन्यात तेही मिळतात, परंतु मलई सारणाची चव बुजवून टाकते, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मुलांना स्पॅगेटी बोलोनेझ फार आवडते. ती बोलोन्यातच मिळत नाही, हे खरे आहे का? आणि आम्ही गोमांस खात नाही, तर हा पदार्थ तेथे टाळावा का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रवाशांच्या वाटेवर ती मिळते, जुन्या घरगुती त्रात्तोरियात बहुधा नाही. बोलोन्यात ‘रागू’ हा मांसाचा घट्ट रस ताल्यातेल्लेवर वाढतात, किंवा पालकाच्या हिरव्या लासान्येच्या थरांत घालतात. स्पॅगेटी कठीण गव्हाची, गोल आणि गुळगुळीत असते. तिच्यावरून खिमा घसरतो आणि ताटलीत खाली उरतो.

रागूत टोमॅटो थोडाच असतो, हेही मुलांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर लाल रंग न दिसल्याने ती हिरमुसतील. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी नोंदवलेल्या आणि २० एप्रिल २०२३ रोजी सुधारलेल्या कृतीत गोमांस, पांचेत्ता म्हणजे डुकराच्या पोटाचे खारवलेले मांस, कांदा, गाजर, सेलरी, वाइन, थोडा टोमॅटो आणि शिजताना हवे तर घालायचे दूध आहे, लसूण नाही. तेव्हा आपण रागू टाळावा, हे उघड आहे, कारण गोमांसाविना तो क्वचितच होतो. डुकराचे मांस चालत असेल, तर ‘ग्रामीन्या’ नावाचा आखूड, वळणदार पास्ता सॉसेजच्या रसात मिळतो. तो मुलांना आवडण्यासारखा आहे, पण सॉसेज निव्वळ डुकराच्या मांसाचे आहे ना, ते विचारावे. ते नको असेल, तर लोणी आणि चीज घातलेला साधा पास्ता लहान मुलांसाठी कोणतेही घर आनंदाने करून देते. अर्धे पान मागितले, तरी चालते.

प्रश्न : आम्ही सहा जण एका छोट्या जेवणघरात दुपारी साडेतीनला गेलो, तर दार बंद. संध्याकाळी गेलो, तर जागा नाही. शेवटी दुसरीकडे तीन ताटल्या सहा जणांत वाटून घेतल्या, तेव्हा वाढणारा नाराज दिसला, आणि बिलात न मागवलेली एक रक्कम निघाली. आमचे कोठे चुकले? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रक्कम ‘कोपेर्तो’ असावी. पाव, मांडणी आणि बसण्याची जागा यांसाठी माणशी साधारण २ ते ३ युरो घेण्याची ही रीत आहे, आणि ती यादीत छापलेली असते. त्यामुळे बक्षिसी देण्याचे बंधन राहत नाही.

वेळेचे म्हणाल, तर दुपारी साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसातनंतर, एवढाच वेळ चूल पेटलेली असते. मधल्या वेळात तीच माणसे जेवतात, विश्रांती घेतात आणि रात्रीचा पास्ता करतात. आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असते, आणि १५ ऑगस्टच्या आसपास कित्येक घरे दोन-तीन आठवडे बंद असतात. सहा जणांसाठी दोन-तीन दिवस आधी दूरध्वनी करावाच. जिथे मोजकीच टेबले आहेत, तिथे सहा माणसे म्हणजे मोठी पंगत आहे.

वाटून खाण्याविषयी मला आपली बाजू पटते, कारण आपल्याकडे सर्वांनी सगळे चाखणे हेच आपुलकीचे लक्षण मानले जाते. पण अशा छोट्या घरात एका टेबलावर रात्रीतून बहुधा एकदाच पंगत बसते, दुसरे गिऱ्हाईक येत नाही. सहा खुर्च्या तीन ताटल्यांवर गेल्या, तर त्या कुटुंबाचे खरोखर नुकसान होते. माणशी एक पास्ता प्रत्येकाने वेगवेगळा मागवावा, आणि मग आपापसांत खुशाल चाखावे. त्याला कोणी हरकत घेत नाही. पास्ता, मग मांसाचा पदार्थ, मग भाजी असे सगळे टप्पे घेण्याची सक्ती मात्र कोठेही नाही.

प्रश्न : चीज सगळ्याच पास्त्यांवर घालावे का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : मासे किंवा शिंपल्यांच्या पास्त्यावर घालू नये. बाकी ठिकाणी टेबलावर वाटी ठेवली असेल, तर घालावे. ठेवली नसेल, तर आधी एक घास खाऊन पाहावा आणि मग मागावे.

प्रश्न : इटलीला जाणे आम्हाला शक्य नाही, पण हातचा पास्ता घरी करून पाहण्याची फार इच्छा आहे. यंत्र नाही. आई अजून लग्नकार्यासाठी गव्हले आणि नखुल्या करते. आपल्याकडच्या पिठात पास्ता होईल का? अंड्याचा आणि बिनअंड्याचा, दोन्ही सांगावेत. – एक वाचिका, सोलापूर

उत्तर : नक्की होईल, आणि आपल्या आईंच्या हातात त्यातले निम्मे कौशल्य आधीच आहे. ओल्या रव्या-पिठाची बारीक गोळी चिमटीत वळून किंवा नखाने दाबून तिला आकार देणे, आणि तो वाळल्यावर टिकवणे, हेच काम दक्षिण इटलीच्या बारी शहरात जुन्या वस्तीतील बायका दारात पाट मांडून करतात. म्हणून मी आधी बिनअंड्याचा प्रकार सांगते.

आपल्याकडचा बन्सी गहू हा कठीण गहूच आहे. बन्सीचा अगदी बारीक रवा, म्हणजे चिरोट्याच्या रव्याइतका बारीक, २०० ग्रॅम घ्यावा, आणि त्यात साधारण १०० ग्रॅम कोमट पाणी थोडे थोडे घालावे. रवा सुरुवातीला कोरडा वाटतो, म्हणून पाणी वाढवण्याची घाई करू नये. दहा-बारा मिनिटे तळव्याच्या जोराने मळल्यावर तो सुटतो आणि गुळगुळीत होतो. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवून त्याच्या करंगळीएवढ्या जाड वळ्या कराव्यात, आणि वळीचे नखाएवढे तुकडे पाडावेत. बोथट सुरीच्या पात्याने एकेक तुकडा लाकडी पोळपाटावर दाबत आपल्याकडे ओढला की तो पात्याभोवती वळतो. तो अंगठ्यावर उलटा केला की लहान वाटी तयार होते. ही बारीची ‘ओरेक्किएत्ते’. बाहेरचा भाग खरबरीत राहिला पाहिजे. गुळगुळीत दगडी ओट्यावर तो तसा राहत नाही, म्हणून लाकूडच वापरावे.

अंड्याच्या पास्त्यासाठी मैदा चालतो. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडे हे मूळ प्रमाण, पण आपल्याकडची अंडी तिकडच्या अंड्यांपेक्षा बहुधा लहान असतात, त्यामुळे पीठ कोरडे वाटल्यास एक बलक अधिक घालावा. रंगही थोडा खुलतो. एमिलियात पास्त्यासाठी गडद बलकाची अंडी मुद्दाम निवडतात. आपले लाटणे आखूड असल्याने एकच मोठी पोळी करण्याचा हट्ट धरू नये, गोळ्याचे चार भाग करावेत. प्रत्येक पोळी पोळपाटापेक्षा मोठी आणि शक्य तितकी पातळ लाटून फडक्यावर पसरावी. स्पर्शाला कोरडी पण दुमडताना न तडकणारी झाली की सैल गुंडाळी करून धारदार सुरीने पट्ट्या कापाव्यात, आणि लगेच मोकळ्या कराव्यात. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, उन्हाळ्यात सोलापुरी हवेत काही मिनिटांतच कडा तडकू लागतात. तेव्हा फडके किंचित ओले घ्यावे.

दोन्ही पास्ते मोठ्या पातेल्यात, लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मीठ घालून, खळखळत्या पाण्यात शिजवावेत. अंड्याच्या ताज्या पट्ट्यांना दोन-तीन मिनिटे पुरतात, रव्याच्या वाट्यांना जाडीप्रमाणे सहा ते आठ. बारीत ओरेक्किएत्तेबरोबर शलगमाच्या कुळातली एक कडवट पालेभाजी पास्त्याच्याच पाण्यात उकडतात. आपल्याकडे त्या जागी मेथी चालेल. तेलात लसूण आणि सुकी लाल मिरची परतून, त्यात निथळलेली मेथी आणि पास्ता एकदम घालावा, पास्त्याचे पळीभर पाणी घालून मोठ्या आचेवर मिनिटभर हलवावे आणि लगेच वाढावे.